जयूताईंच्या सहा काड्या

जयूताई आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या तेव्हा त्यांच्या सामानात पलंग एक, कपाट एक आणि कुंड्या एकेचाळीस होत्या. त्या कुंड्या दुसऱ्या मजल्यावर चढवताना हमाल जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मीही मनातल्या मनात तेच बोलत होतो, कारण जिना अडला होता आणि मला दूध आणायला खाली जायचं होतं.

त्या चौतीस वर्षं मुलींच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होत्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची माधव नगरात कोणाची टाप नव्हती. वडील सासवडकडचे, रेल्वेत लागले आणि उज्जैनला आले. येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून अंजिराची एक काडी घेऊन आले होते म्हणे. ती आधी कुंडीत जगवली आणि पुढे माधव नगरात घर बांधलं तेव्हा परसात लावली. जयूताई आणि त्यांची धाकटी बहीण सुमन त्या झाडाखाली वाढल्या. सुमनताई लग्न होऊन पुण्याला गेल्या, आई गेली, आणि मग अकरा वर्षं जयूताईंनी एकटीने वडिलांचं सगळं केलं. शेवटी शेवटी ते काही खात नसत, पण मे महिन्यात अंजीर कुस्करून दिलं की दोन चमचे घेत. ते गेल्यावर एवढं घर एकटीला झेपेना, म्हणून ते विकायचा निर्णय जयूताईंनीच घेतला. सही करताना घेणाऱ्याकडून त्यांनी एवढंच कबूल करून घेतलं की अंजिराला हात लावण्याआधी मला कळवायचं.

त्यांचा हात लागला की वाळकी काडीही फुटते, असा त्यांचा लौकिक होता. कोणाचा मोगरा रुसला, कोणाच्या लिंबाला कीड लागली, की जयूताईंना बोलावणं जायचं. त्या यायच्या, माती चिमटीत घेऊन वास घ्यायच्या आणि मालकाला झापायच्या. "रोज पाणी घालता? मग ये बेचारा क्या करेगा? बुडून मरेल नाही तर काय!" माझ्या बायकोच्या, नंदाच्या, माहेरचा पारिजात त्यांनी असाच वाचवला. त्या दिवसापासून नंदाच्या लेखी जयूताईंचा शब्द म्हणजे शेवटचा, माझा त्याच्या बराच अलीकडचा.

आता माझ्याविषयी. मी अरविंद, बँकेतून निवृत्त. कोणी मला काम समजावून सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं आहे, कारण तो एकदा तिजोरीच्या दारात चेमटला होता. तिजोरी बंद केल्याशिवाय मी दवाखान्यात गेलो नाही, ही हकिकत मी टावर चौकात संध्याकाळच्या बैठकीत इतक्या वेळा सांगितली आहे की माझ्या मित्राला, श्रीपादला, ती माझ्यापेक्षा चांगली सांगता येते. थोडक्यात, स्वतःच्या भरवशाच्या माणूसपणाचा मला फार अभिमान होता.

दोन हजार तेवीसच्या जानेवारीत घर घेणाऱ्याचा फोन आला. माणूस दिल्या शब्दाचा होता. "दीदी, परसों पेड़ कटेगा, आपको जो लेना हो ले जाइए." जयूताई छाटणीची कात्री घेऊन गेल्या आणि उन्हं उतरेपर्यंत झाडावर काड्या शोधत बसल्या. झाड आतून पोखरलेलं होतं, खोडकिड्याने फांदी फांदी पोकळ केली होती. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, आतून हिरव्या आणि निरोगी अशा फक्त सहा काड्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी झाड गेलं. म्हणजे सासवडहून आलेल्या त्या अंजिराचं या जगात जे काही उरलं होतं, ते त्या सहा काड्यांत होतं.

जयूताईंनी या वेळी माती वापरली नाही. मातीत बुरशी असते, म्हणाल्या, आणि मला जोखीम नको. त्यांनी पर्लाइट मागवलं, म्हणजे मातीऐवजी वापरतात ते फुगवलेल्या खनिजाचे दाणे. भलंमोठं पोतं कुरियरने आलं आणि मी ते एका बोटावर वर आणलं, इतकं हलकं. दिसायला साबुदाण्यासारखं पांढरंशुभ्र. त्यांनी ते भिजवलं, मुठीत घेऊन पिळलं, थेंब पडेना इतकं पिळलं, आणि लस्सीच्या सहा पारदर्शक ग्लासांना खाली भोकं पाडून त्यांत भरलं. एकेका ग्लासात एक काडी. सहाही ग्लास शेवेच्या मोठ्या पारदर्शक डब्यात ठेवून वर झाकण. जानेवारीत आमच्याकडे चांगलीच थंडी असते, म्हणून तो डबा त्यांनी फ्रिजच्या डोक्यावर ठेवला. तिथे ऊब असते.

महिन्याभरात काड्यांना पानं फुटली. तळहातावर मावतील अशी, लव असलेली, हिरवीगार. नंदाने टाळ्या वाजवल्या. जयूताई मात्र हसल्या नाहीत.

"पानांचं काय खरं नाही, नंदा. काडीत साठवलेलं असतं त्यावर पानं येतात. मुळं नसली तरी येतात. आणि मग एकदम माना टाकतात. मुळं आली की पक्कं."

"मग ग्लासातून दिसतील ना मुळं?" मी विचारलं.

"कुठून दिसणार? पांढऱ्यात पांढरं. वाट बघायची."

फेब्रुवारीच्या अखेरीला सुमनताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि जयूताईंना पुण्याला जावं लागलं, पंधरा दिवसांसाठी. सहातली एक काडी सुमनताईंच्या बाल्कनीत जायची होती, तसं त्यांनी बहिणीला वचन दिलं होतं. डबा त्यांनी आमच्या फ्रिजवर आणून ठेवला आणि मला समोर उभं करून बजावलं.

"अरविंदराव, रोज दोन मिनिटं झाकण उघडायचं. आतून वाफ धरलेली दिसली नाही तरच फवारा मारायचा, तोही एकच. आणि काड्यांना हात लावायचा नाही. हलवायच्या नाहीत, फिरवायच्या नाहीत, काहीच नाही. आत्ता मुळं निघायची वेळ आहे. काचेसारखी असतात, जरा धक्का लागला की तुटतात."

"ताई, बत्तीस वर्षं लोकांच्या ठेवी सांभाळल्यात मी."

"त्या फुटत नव्हत्या," जयूताई म्हणाल्या, आणि बॅग उचलून गेल्या.

दहा दिवस मी शिस्तीत काढले. झाकण, वाफ, फवारा. रोज सकाळी पुण्याला मेसेज, "सब बढिया." अकराव्या दिवशी रविवार होता. नंदा भजनाला गेली होती आणि श्रीपाद चहाला आला. त्याने डबा पाहिला, गोल गोल फिरून पाहिला, आणि खुर्चीत बसून म्हणाला, "अरे भिया, पत्ते तो आते ही हैं. माझ्या साल्याने आणली होती अशीच काडी, पत्ते बघून मिठाई वाटली, आणि आठ दिवसांत खलास. यांना मुळं-बिळं काही नाहीत, लिहून घे."

"आहेत मुळं."

"तुला कसं माहीत?"

मला माहीत नव्हतं. श्रीपाद हसत हसत गेला आणि जाताना दारातून ओरडला, "संध्याकाळी चौकात ये, पुन्हा तिजोरीची गोष्ट ऐकव!"

एवढ्याशा बोलण्याने माझं डोकं फिरलं. सांगायला लाज वाटते, पण कारण तेवढंच होतं. मी डबा खाली घेतला, पहिला ग्लास हातात धरला आणि काडी वर ओढली. ती अलगद आली. खाली चार मुळं होती, शेवयांसारखी, पांढरी, टोकाला किंचित पिवळसर, आणि त्यांना पर्लाइटचे दाणे लटकलेले. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. मग वाटलं, एकीवरून श्रीपाद काय मानणार? म्हणून दुसरी काढली. मग तिसरी. सहाही काड्या मी टेबलावरच्या त्या दिवशीच्या पेपरावर ओळीने मांडल्या. पाचांना मुळं होती, एकीला नव्हती. पंख्याने पेपर उडत होता म्हणून कोपरा डाव्या अंगठ्याने दाबून धरला आणि उजव्या हाताने फोटो काढला. संध्याकाळी चौकात श्रीपादच्या नाकासमोर धरणार होतो.

काड्या परत खोचायला गेलो तेव्हा कळलं. बोटाने खड्डा करून काडी आत घातली की मुळं दुमडत होती आणि तुटत होती. आवाज येत नव्हता, पण बोटाला समजत होतं. पहिली तुटल्यावर मी थांबायला हवं होतं. कोणाला तरी फोन करायला हवा होता, जयूताईंनाच करायला हवा होता. मी घाईघाईने सगळ्या खोचल्या आणि हलू नयेत म्हणून वरून दाबल्या, घट्ट, दोन्ही अंगठ्यांनी. पेपरावर पांढरे तुकडे उरले होते. तो पेपर मी घडी करून कचऱ्यात टाकला, झाकण लावलं, डबा फ्रिजवर ठेवला आणि हात धुतले. त्या संध्याकाळी मी चौकात गेलो नाही.

पानं चार दिवस तशीच हिरवी राहिली. मी रोज "सब बढिया" पाठवत राहिलो. मनात म्हणत होतो, येतील पुन्हा मुळं, काय सांगावं. जयूताई आल्या त्याच्या आदल्या दिवशी पानांनी माना टाकल्या.

त्यांनी प्रवासाची साडीही बदलली नव्हती. झाकण उघडून आत पाहिलं. एक काडी काढली. खालचं टोक काळं पडून मऊ झालं होतं. त्यांनी ते नखाने दाबलं.

"पाणी मी सांगितलं तसंच?"

"अगदी तसंच," मी म्हणालो. ते खरंही होतं. मग त्यांची नजर सहन होईना म्हणून मी बोलत सुटलो, आणि ते जे बोललो ते आयुष्यात विसरणार नाही. "मला वाटतं ताई, सुरुवातीलाच पर्लाइट नीट पिळलं गेलं नसेल. पाणी जास्त राहिलं असेल आत."

जयूताईंनी मान हलवली. "असेल," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं असेल. हाताची पकड कमी झाली आहे हल्ली."

नंदा रडायला लागली. जयूताईंनीच तिला गप्प केलं. मग आमच्याच घरात बसून त्यांनी सुमनताईंना फोन लावला आणि म्हणाल्या, "सुमे, नाही लागली गं. माझ्याकडून गेली." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

त्यानंतर त्यांनी एकही काडी लावली नाही. आधी आम्हाला वाटलं, दुःख आहे, उतरेल. पण कोणी फांदी घेऊन आलं की त्या दारातूनच परत पाठवायच्या. "नको गं, माझा हात गेला आता. तुझं नुकसान होईल." कुंड्या एकेक करून वाटून टाकल्या. केतकी नावाची त्यांच्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी आजीची जाई घेऊन आली होती, आजी नुकतीच गेलेली, तिलाही त्यांनी परत पाठवलं. ती जिन्यात रडत उभी होती आणि मी तिच्या बाजूने वर आलो, भाजीची पिशवी घेऊन. मला सांगता आलं असतं. तिथल्या तिथे सांगता आलं असतं. मी "सावकाश जा हो" म्हणालो आणि दार लावलं.

फोटो माझ्या फोनमध्येच होता. किती वेळा पुसायला घेतला. पुसला असता तर मी सुटलो असतो, पण त्यांचा हात गेला नव्हता याचा तेवढाच पुरावा होता. आणि दाखवला असता तर त्यांचा हात परत आला असता आणि माझी अब्रू गेली असती. हा हिशेब मला रोज सुटत होता आणि रोज मी उत्तर चुकीचं लिहीत होतो. मी आणि नंदा त्यांच्याकडे चहाला जात होतो, दिवाळीत फराळ देतघेत होतो. जवळजवळ दोन वर्षं.

मग परवा, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, जयूताई कापडी पिशवी आणि पाठीमागे ते पोतं ओढत आमच्या दारात आल्या. नंदा हळदीकुंकवाच्या वाणाची तयारी करत होती. जयूताई कधी हळदीकुंकू करत नाहीत, त्यामुळे त्यांना थट्टा सुचली.

"नंदा, हे घे माझं वाण. छाटणीची कात्री आहे, फवारा आहे, आणि हे उरलेलं पर्लाइट. तुला हौस आहे, तू लाव. माझ्याकडे नुसतं पडून आहे."

नंदा म्हणाली, "ताई, असं काय करता?" आणि कात्री हातात घेऊन उभी राहिली. ती कात्री शाळेतून निवृत्त होताना मुलींनी दिलेली होती. तिच्या मुठीवर जयूताईंचं नाव कोरलेलं होतं.

मी फोन काढला. काही प्रस्तावना जमली नाही. मी तो तसाच त्यांच्या पुढे धरला.

जयूताईंनी चष्मा वर केला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि पेपरावरच्या काड्यांवरून बोट फिरवू लागल्या. "ही... हो. ही, हो. ही पण." पाचपर्यंत आल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला खाली बघावं लागलं. "नंदा, अगं लागल्या होत्या! बघ, मुळं बघ कशी आहेत! पाच लागल्या होत्या!"

मग त्यांनी फोटो खाली सरकवला. पेपरावरची तारीख वाचली. कोपऱ्यातला अंगठा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही उपसल्या?"

"हो."

"सगळ्या?"

"हो."

"म्हणजे पाणी जास्त झालं नव्हतं."

"नाही."

"मी बरोबर पिळलं होतं."

"हो ताई. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

नंदा माझ्याकडे बघत होती. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं पाहिलेलं मला आठवत नाही. जयूताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. झापायची त्यांना सवय होती, आणि मी दोन वर्षं त्याचीच तयारी करून बसलो होतो. त्या हळू आवाजात बोलल्या.

"मला वाटलं, घर विकलं म्हणून बाबांनी झाड परत नेलं. रोज दिवा लावताना त्यांची माफी मागते मी, अरविंदराव. दोन वर्षं झाली. आज सकाळीही मागितली."

चुकलं, एवढं म्हणालो असेन. ते त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी नंदाच्या हातातून कात्री काढून घेतली, फवारा पिशवीत टाकला, पोत्याचं तोंड आवळलं आणि दारापर्यंत ओढत नेलं. मी उचलायला पुढे झालो.

"हात नका लावू," त्या म्हणाल्या. उंबऱ्यात थांबून एवढंच बोलल्या, "फोटो तेवढा पाठवा मला."

मी पाठवला. नंदा त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. पान वाढलं, आमटी वाढली, एवढंच.

संक्रांतीच्या सकाळी आमच्या उज्जैनच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तिळगुळाच्या चित्रांची रांग लागली होती. त्या रांगेत जयूताईंचा फोटो आला. सहा काड्या, पाच मुळांच्या, जुना पेपर. खाली त्यांनी लिहिलं होतं, "बाबांच्या अंजिराला मुळं आली होती. सहापैकी पाच. तारीख पेपरावर आहे. कोणाला काड्या लावून हव्या असतील त्यांनी पुढच्या आठवड्यापासून आणाव्या. केतकी, जाई घेऊन ये." माझं नाव कुठेही नव्हतं. फोटो मात्र त्यांनी जरासुद्धा कापला नव्हता. कोपऱ्यात दुभंगलेल्या नखाचा अंगठा स्पष्ट दिसत होता.

पहिला मेसेज श्रीपादचा आला. "अरे, ये अंगूठा तो..." एवढंच लिहून तो थांबला होता. दोनशे चौदा माणसं ग्रुपवर आणि कोणी पुढे काही लिहिना. नंदाने स्वयंपाकघरातून तो मेसेज वाचला असणार, कारण तिच्या लाटण्याचा आवाज थांबला.

मी फोन हातात घेतला. मग लिहिलं, "अंगठा माझा आहे. ताई पुण्याला असताना काड्या मी उपसल्या आणि दोष त्यांच्यावर टाकला. त्यांचा हात कधीच गेला नव्हता." पाठवलं. त्या अंगठ्याची तिजोरीची गोष्ट आता चौकात कोणी सांगायला सांगणार नाही, आणि मीही सांगणार नाही.

समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. जयूताई दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आल्या होत्या. रोज त्या वेळी मी दार उघडून "काय ताई, कशा आहात?" विचारतो. त्या दिवशी मी कडीला हात लावला आणि तसाच उभा राहिलो, त्यांचं दार पुन्हा लागेपर्यंत.